खिंडीच्या नकाशाचं कापड

मंडळी, सुरुवातीलाच सांगून टाकते — भूत, करणी, बाहेरचं, यातलं मी काही मानत नाही. आमच्या घरात तसले विषयच निघायचे नाहीत. लहानपणी कुणी भुताची गोष्ट काढलीच तर दादा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "प्रार्थना करा आणि झोपा." संपला विषय. या ग्रुपवरचे अनुभव मी वाचते ते डबा खाताना, करमणूक म्हणून. खोटं कशाला बोलू, पुष्कळदा हसतेसुद्धा.

दुसरी गोष्ट — मला किळस येत नाही. नगरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. थुंकी, पू, शी, पोटातून काढलेलं पाणी... दिवसभर हेच बघायचं. एका टेबलावर पेशंटचे डबे आणि शेजारच्या टेबलावर आमचे. माझ्याबरोबर काम करणारी संगीता तर मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता भाकरी खाते. नवीन मुली येतात, चार दिवस नाक मुरडतात, मग त्याही आमच्यासारख्या होतात.

हे आधी सांगायचं कारण असं की गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी जे झालं त्यात मला भीती अशी फारशी वाटलीच नाही. शिसारी आली. आणि ती अजून गेलेली नाही.

आम्ही भिंगारला राहतो, बाजारामागच्या बैठ्या घरांच्या ओळीत. दादा आणि मी, दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली. मी लग्न केलं नाही, त्यामुळे चर्चमधल्या बायकांना बोलायला विषय कायम पुरतो. दादा लष्कराच्या एका स्टोअरमध्ये सिव्हिलियन नोकरीत होते. रिटायर झाले तरी डोकं तिथेच आहे. रविवारी उपासना संपली की सगळे घरी जातात, आमचे दादा डिस्पोजलच्या, म्हणजे लष्कराने मोडीत काढलेल्या मालाच्या, भंगारात जातात. मग कधी कान तुटलेला जर्मनचा मग, कधी एकाच डोळ्याची दुर्बीण, कधी कशाचा तरी पट्टा. काही म्हटलं की, "असू दे गं, मजबूत आहे." घरात ठेवायला जागा नाही, पण सगळं मजबूत.

मे महिन्यातल्या एका रविवारी त्यांनी नकाशा आणला.

नगरचा मे ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. नळालासुद्धा गरम पाणी येतं. मी पंख्याखाली भाजी निवडत होते आणि दादांनी तो नकाशा थेट जेवायच्या टेबलावर उलगडला. जुना, इंग्रजांच्या काळातला असणार. कागदाचे चौकोनी तुकडे करून ते कापडावर चिकटवलेले, म्हणजे घडी घालताना कागद फाटू नये. मागे कापड एकसंध, मांजरपाटाचं. कुठल्याशा उंच खिंडीचा नकाशा होता. खिंडीचं नाव घडीवर घासून गेलेलं, उंचीचा आकडा तेवढा दिसत होता, सतरा हजार फुटांच्या पुढचा. एक गाव नाही, झाड नाही. नुसत्या तपकिरी रेषा, एकीला एक खेटून, आणि त्यांच्यातून वर चढत खिंडीपर्यंत गेलेली तुटक वाट.

"बघ शालन, काय हातकाम आहे," दादा म्हणाले. "एकेक रेष हाताने काढायचे. वाट बघ. वर लिहिलंय, फक्त उन्हाळ्यात चालू."

मी बघितलं नाही. मला वास आला.

आधी वाटलं, भंगारातली चीज आहे, घुशीबिशीचा असेल. पण तो तसा नव्हता. वर वर ओल्या घोंगडीचा होता, त्याच्याखाली खवट तुपाचा, आणि त्याच्याही खाली जो होता तो मी ओळखला. ड्रेसिंग रूमचा. बरेच दिवस न सोडलेली पट्टी सोडली की पहिला जो भपकारा येतो ना, तो. दादांना वास येत नाही. जुन्या सर्दीने त्यांचं नाक कधीच गेलंय. ते आपले बोटाने वाट दाखवत होते.

टेबलावरून उचलायला म्हणून मी नकाशाला हात लावला तर तो गार होता. आणि ओलसर. बाहेर जमीन भाजतेय, घरात पंखा गरम हवा फेकतोय, आणि ते कापड असं गार आणि चिकट, की मी हात साबणाने धुतला. परत धुतला. मग दादांवर ओरडले.

"जेवायच्या टेबलावर घाण आणून टाकायची का?"

"घाण कुठाय? जुना कागद आहे. उन्हात टाक, सुकेल."

टाकला. दिवसभर अंगणात, दगडं ठेवून. संध्याकाळी उचलला तर तसाच ओला. खालची फरशी मात्र कोरडी ठणठणीत.

आता मी काय केलं ते ऐका, आणि हसायचं तर हसा. घरी काचेच्या स्लाइड पडलेल्या असतात. त्यातली एक मी त्या कापडावर दाबली, डबीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये नेऊन रंगवली. मला बुरशी दिसेल असं वाटलं होतं. बुरशी असती तर दादांना दाखवून नकाशा फेकता आला असता, एवढाच हेतू. मी लावली, बघितली, आणि कशाचं आहे ते न सांगता संगीताला बघायला लावलं.

"पू आहे की," ती म्हणाली. "भरपूर. पूर्ण फील्ड भरलंय. कातडीचे तुकडे पण आहेत. कोणाचं गं हे?"

"आहे एक."

"मग त्याला सर्जनकडे पाठव लवकर. बोट नाहीतर पाय जायचा त्याचा."

मी स्लाइड टाकून दिली. त्या दिवशी डबा तसाच परत नेला.

घरी येऊन दादांना सांगितलं की हे आजच्या आज जाळायचं. दादा ऐकायला तयार नाहीत. म्हातारा माणूस हट्टाला पेटला की लहान मुलाच्या वरताण. "तुला सगळीकडे पूच दिसतो, तुझा धंदाच तो," म्हणाले. आणि त्याच आठवड्यात, व्याह्याने धाडलं घोडं म्हणतात तशी, राहात्याहून आत्या आली.

सगुणाआत्या म्हणजे दादांची थोरली बहीण. नातसुनेला नुकतंच बाळ झालेलं, त्याच्यासाठी नगरला खरेदी करायची म्हणून आली होती. आली, पाणी प्यायली आणि तिची नजर गेली ती नकाशाच्या मागच्या कापडावर. तिने दोन बोटांत धरून चोळून पाहिलं.

"शांत्या, काय कापड हाय रं हे," ती दादांना म्हणाली. "असलं आता कुटं मिळतंय. आई उकळायची, आठवतंय का?"

दादांचा चेहरा उजळला. झालं. दोघं लागले आठवणी काढायला. हे मलाही तेव्हाच कळलं — त्यांच्या लहानपणी छावणीतून जुने नकाशे पोत्यांनी भंगारात यायचे. भिंगारच्या बायका ते घ्यायच्या, सोडा घालून उकळायच्या, कागद लगदा होऊन सुटला की खाली पांढरंस्वच्छ कापड. त्याची पोरांची झबली, उशांचे अभ्रे, परकर. आजीने दादांना अख्खं बालपण नकाशांत वाढवलं होतं म्हणायला हरकत नाही.

"लई मऊ पडतं," आत्या म्हणाली. "कागूद तुजा तू ठेव, शांत्या. कापड मला दे. बाळाला झबलं हुतंय."

मी म्हटलं, "आत्या, त्याला वास येतोय. तुला येत नाही का?"

"येतुया की. जुनी खळ हाय ती. कनकीची खळ नासली की वास येनारच. उकाळलं की जातंय."

आत्या आयुष्यभर शेणामातीत राबलेली बाई. वासाने कधी दबली नाही. मला ड्यूटीला उशीर होत होता. "माझ्या भांड्यांना हात लावू नका," एवढं सांगून मी गेले.

हात लावला. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशीच मला वास आला. शेजारच्या बाईने दार लावून घेतलं होतं. घरात गेले तर गॅसवर माझं मोठं पातेलं, ज्यात मी नाताळची बिर्याणी करते ते. दादांनी कागदाचे तुकडे आधीच अलगद भिजवून सोडवले होते आणि ताजी खळ करून, कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालून, एका प्लायवर ओळीने चिकटवत बसले होते. सगळं जागच्या जागी. कापड पातेल्यातून निघालं होतं, दोरीवर होतं. पातेलं मात्र तसंच होतं, आणि आत्या म्हणाली, "ते पानी टाकून दे गं, मला उचलंना."

मी झाकण काढलं. पाण्यावर चरबी थिजली होती. मे महिन्यात, जिथे साजूक तूप पाण्यासारखं पातळ होतं, तिथे त्या पाण्यावर बोटभर जाड पांढरी साय धरली होती. मी पळी लावली तर ती तडकली आणि खालून पिवळं पाणी वर आलं. त्यात केस होते. आखूड, काळे, जाडसर... माणसाच्या पायावर असतात तसे. आणि पळीला काहीतरी पातळ, पारदर्शक लागून आलं, मटणाच्या वरचा पापुद्रा असतो तसं.

मी सिंकमध्ये ओकले. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. मागून आत्या पाठीवर हात फिरवत होती आणि म्हणत होती, "पित्त झालंय तुला." पातेलं मी कचऱ्याच्या गाडीत टाकलं. घासायचा विचारसुद्धा केला नाही.

पण कापड... खरं सांगते, कापड अप्रतिम निघालं होतं. पांढरं, मऊ, वास अजिबात नाही. तेच मला जास्त घाण वाटलं. इतकं सगळं ज्याच्यातून निघालं ते स्वच्छ कसं असेल?

दादांच्या उजव्या अंगठ्याला नव्या चपलेने फोड आला होता. साधा, पाण्याचा. आत्याने त्या कापडाची एक चिंधी फाडून तिथे बांधली आणि उरलेलं पिशवीत घालून दुसऱ्या दिवशी राहात्याला गेली. मी पट्टी बघितली तशी सोडून टाकली, साफ केलं, लॅबमधला गॉज लावला. दादांनी मुकाट्याने लावून घेतला आणि मी ड्यूटीला गेल्यावर गॉज काढून परत तीच चिंधी बांधली. "तुझं ते टोचतं गं. हे फार मऊ आहे." रोज हेच चाललं होतं हे मला फार उशिरा कळलं. मी घरी यायच्या वेळेला त्यावर मोजा चढवून बसायचे. मे महिन्यात मोजा.

मी विचारलं, "मोजा कशाला?"

"पाय गार पडतो."

त्या आठवड्यात दादा घरातल्या घरात चालताना थांबायला लागले. खोलीतून अंगणात जायचं तर मध्ये उभं राहून दम घ्यायचे, भिंतीला हात लावून. मी ईसीजी काढला, छातीचा फोटो काढला, रक्त तपासलं. शुगर? नाही. दादांना शुगर नाही, कधीच नव्हती. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी टेस्टसुद्धा मी स्वतः लावली. सगळं नॉर्मल. "चढ लागतोय," दादा म्हणाले. आमची फरशी सपाट आहे.

एके दिवशी जेवताना मला टेबलाखालून तो वास आला. तोच. ओली घोंगडी, खवट तूप, आणि त्याखालचं. मी खाली वाकून दादांचा मोजा ओढला. चिंधी बोटाला चिकटली होती. अंगठा काळा पडला होता, शेजारचं बोट मेणबत्तीसारखं पांढरं, आणि हात लावला तर बर्फ. दादांना मी हात लावलेला कळलासुद्धा नाही.

त्याच दुपारी नगरला एका खासगी हॉस्पिटलमध्ये ॲडमिट केलं. तिथले सर्जन आर्मीतून रिटायर झालेले, बरीच वर्षं सरहद्दीवर काढलेले. नर्सने चिंधी कापून पिवळ्या पिशवीत टाकली. सर्जनांनी पाय बघितला, परत बघितला. मग मला बाहेर बोलावलं.

"कुठे गेले होते हे?" त्यांनी विचारलं.

"कुठे नाही. भिंगारलाच असतात."

"मनाली, लेह, केदारनाथ? गेल्या महिन्याभरात?"

"डॉक्टर, ते राहात्याच्या पुढे गेले नाहीत. बर्फ त्यांनी फक्त फ्रीजमध्ये बघितलाय."

सर्जन म्हणाले, "हा हिमदंश आहे. फ्रॉस्टबाइट. मी असे शेकडो पाय बघितलेत, पण वरती. मोजे भिजले की तिथे लोक पायाला मिळेल ते गुंडाळतात — पोतं, वर्तमानपत्र, काहीही. मग असं होतं. नगरमध्ये हे कसं होईल मला माहीत नाही. रक्तवाहिन्या तर मोकळ्या आहेत." मग म्हणाले, "लगेच कापायचं नाही. मेलेलं आणि जिवंत यांच्यामध्ये एक रेष पडते, ती पडायची वाट बघायची. रेष बोटाशी पडली तर बोटं जातील. घोट्याशी पडली तर पाय. आणि पडलीच नाही तर... त्यांचं वय बघता मला पुढचं बोलायला आवडणार नाही."

कपडे आणायला मी घरी गेले. हॉलमध्ये दादांनी लावलेला तो नकाशा. लावल्यापासून त्याच्या खालच्या कोपऱ्यात एक ओला डाग होता, मी खळीचा समजत होते. आता तो कोपऱ्यात नव्हता. तुटक वाटेवरून वर चढला होता. तपकिरी, कडेला पिवळा, बोटाएवढा रुंद. कागदाच्या तुकड्यांमध्ये जी फट होती, तीही ओलांडून बरोबर पुढच्या तुकड्यावर गेला होता. मी मोबाईलवर फोटो काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी दादांचं दुसरं बोट काळं झालं होतं आणि पंजावर निळसर पट्टा चढला होता. मी घरी येऊन परत फोटो काढला. डाग आणखी वर. खिंड आता हातभर लांब नव्हती, वीतभर होती.

मला राग आला होता. कुणाचा ते माहीत नाही. कुणीतरी माझ्या बापाला पायाला धरून डोंगरावर ओढत नेतंय आणि मी खाली उभी राहून फोटो काढतेय, असं वाटत होतं.

त्या दिवशी दादा शुद्धीत होते, तापबीप काही नव्हता. मी त्यांना मोसंबी सोलून देत होते. एकदम सहज म्हणाले, "शालन, त्याचं कापड त्याला देऊन टाक."

"कुणाचं?"

"ज्याचं आहे त्याचं. थंडी वाजते त्याला." मग मोसंबी खाल्ली आणि चहा मागितला. नंतर विचारलं तर, "मी कुठे काय म्हणालो?"

मी कॉरिडॉरमध्ये येऊन आत्याला फोन लावला. "आत्या, ते कापड कुठाय?"

"हाय की. झबलं बेतलंय, शिवायचं ऱ्हायलंय. सून म्हनती मशीन बिघडलंय."

"बाळाच्या अंगाला लावलंस का?"

"न्हाई गं."

"लावू नकोस. सगळं घेऊन ये. एक चिंधी मागे ठेवू नकोस. आत्ता निघ."

आत्या आयुष्यात कधी काही विचारल्याशिवाय राहिलेली नाही. त्या दिवशी तिने काही विचारलं नाही, मिळेल त्या गाडीने आली.

पण दादांच्या पायाची चिंधी हॉस्पिटलच्या पिवळ्या पिशवीत होती. तो कचरा न्यायची गाडी एक दिवसाआड येते आणि अजून आली नव्हती, एवढंच नशीब. या पिशव्या उघडायच्या नाहीत हा आमच्या धंद्यातला पहिला नियम, मी नवीन मुलींना शिकवते तो. मी मागच्या शेडमध्ये उकिडवी बसले आणि पिशवी सोडली. लोकांच्या पट्ट्या, कापसाचे बोळे, नळ्या, उन्हाने तापून सगळं एकमेकांत शिजलेलं. ग्लोव्हज होते, पण मनगटापर्यंतच, आणि मला कोपरापर्यंत हात घालावा लागला. चिंधी सापडली ती वासावरून. सगळ्या त्या घाणीत तिचाच वास वेगळा आला आणि तीच एकटी गार होती.

दुपारी आत्या आणि मी अंगणात बसलो. ज्याच्या पायाला ते कधीकाळी गुंडाळलेलं होतं, त्याला ते होतं तसंच परत द्यायचं होतं. नकाशाचे तुकडे प्लायवरून भिजवून काढले, उलटे मांडले. आत्याने खळ शिजवली. मग मागून कापड चिकटवायचं — बाळाच्या झबल्याची बेतलेली पाठ, बाह्या, उरलेले काठ, आणि मध्ये ती चिंधी. खळ हातानेच फासावी लागते, नाहीतर फुगे राहतात. चिंधीला दादांच्या पायाची कातडी चिकटलेली होती. मी ती काढली नाही. फासली. हाताखालून ते कापड हळूहळू गार होत गेलं, ओलं झालं, आणि बोटांमध्ये काहीतरी तेलकट यायला लागलं. आत्याने नाकाला पदर लावला होता. वासाने न दबणारी आत्या.

"शालन, हे हलतंय का गं?" तिने एकदा विचारलं.

"खळ आहे. हात चालव."

हललं होतं. झोपेत माणूस पाय ओढून घेतो ना, तेवढंच. मी त्या दिवशी तीन साबण संपवले आणि तरी दुसऱ्या दिवशी हाताने जेवले नाही, चमच्याने जेवले.

सकाळी नकाशा कोरडा होता. खडखडीत. डाग खिंडीच्या खाली थांबला होता, कडा सुकून तपकिरी झाल्या होत्या. हॉस्पिटलमध्ये गेले तर सर्जन दादांच्या पायाशीच उभे. "रेष पडली," म्हणाले. "बोटांशीच. एवढ्या लवकर पडत नाही कधी. पंजा वाचला."

दादांचा अंगठा आणि शेजारचं बोट काढलं. बाकी पाय राहिला, माणूस राहिला.

काढलेला भाग तपासणीला आमच्याच लॅबमध्ये आला. डबी मीच उघडली. लेबलवर दोन बोटं लिहिलेलं. मी मोजली. परत मोजली. मग संगीताला मोजायला लावली, तिला काही न सांगता.

"तीन," ती म्हणाली. "मग लेबलवर दोन कशी?"

हॉस्पिटलला फोन केला. तिथल्या सिस्टर वैतागल्या — दोनच काढली, पायाला तीन शिल्लक आहेत, येऊन बघा. मी गेले आणि बघितली. तीन शिल्लक होती. दुसऱ्या कुणाचं ऑपरेशन? त्या महिन्यात तसलं दुसरं झालंच नव्हतं. आमच्या डॉक्टरांनी "काहीतरी मिक्स-अप असेल" म्हणून विषय बंद केला.

ते तिसरं दादांच्या बोटांसारखं नव्हतं. लहान, सुकलेलं, खारकेसारखं सुरकुतलेलं. नख वाढून पुढे वाकलेलं. आणि बुडाशी चिकटलेले कापडाचे दोन-चार धागे. मांजरपाटाचे.

आमच्यात शरीराचा भाग काढला तर तो टाकत नाहीत, घरच्यांच्या कबरीपाशी पुरतात. पुनरुत्थानाच्या दिवशी माणूस अख्खा उठावा म्हणून. दादांनी हॉस्पिटलमधूनच बजावलं होतं, आईच्या शेजारी जागा आहे. मी डबी घेतली, नकाशा घडी घालून पिशवीत टाकला, आणि आत्या, मी आणि पाळकसाहेब असे कब्रस्तानात गेलो. कुणीतरी खड्डा करून ठेवला होता. मी आधी नकाशा ठेवला, वर बोटं.

पाळकसाहेबांनी आत बघितलं. त्यांनीही मोजली असावीत, कारण पुस्तक उघडून ते थांबले. "प्रार्थना शांतवनभाऊंच्या नावाने करायची ना?"

"दोघांच्या," मी म्हटलं.

"दुसरे कोण?"

"नाव माहीत नाही."

मला वाटलं आता प्रश्न विचारतील. त्यांनी आत्याकडे बघितलं. आत्या म्हणाली, "करा सायेब. त्याला कुनी पुरलंच न्हाई." मग त्यांनी दोघांसाठी केली.

मला दया वगैरे आली असं लिहिलं तर छान वाटेल वाचायला. नाही आली. माझ्या बापाची दोन बोटं गेली, मला त्याची किळसच आली आणि येते. वरून दोन ओंजळी माती टाकली ती पण नाक दाबून. पण टाकली.

दादा आता काठी घेऊन चालतात, बाजारापर्यंत जातात. भंगारात जायचं बंद केलंय. पाय गार पडत नाही. मी अजून तूप खात नाही, आणि घरी येणारं कुठलंही जुनं कापड आधी नाकाला लावून बघते.

कुणाला याचं उत्तर माहीत असेल तर जरूर लिहा, मी हसणार नाही. फक्त "शुगर असेल" असं लिहू नका. तो रिपोर्ट मी स्वतः काढला होता.